टिपणीसकाकांचे पाहुणे

ठाण्याच्या जुन्या बागेच्या फाटकातून तुम्ही संध्याकाळी आत शिरलात, की एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ पुढे यायचे आणि म्हणायचे, "या, या. केव्हाची वाट बघतोय." तुम्ही त्यांना आयुष्यात कधी पाहिलेलं नसायचं. पण ते इतक्या खात्रीनं म्हणायचे, की नवऱ्याला वाटायचं हे बायकोच्या माहेरचे कुणीतरी असणार, आणि बायकोला वाटायचं ह्यांच्या ऑफिसातले साहेब. दोघंही हसून नमस्कार करायची. हिरवळीपर्यंत पोचल्यावर मग हळूच एकमेकांना विचारायची, "कोण हो ते?" तोवर काका पुढच्या कुटुंबाचं स्वागत करत असायचे.

हे टिपणीसकाका. त्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. आम्ही खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे चाळीत राहायचो. खोली एकच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे अभ्यासाला शांतता लागते हे घरात सगळ्यांना मान्य होतं, पण ती आणायची कुठून हे कुणालाच कळत नव्हतं. म्हणून मी पुस्तकं घेऊन बागेत जायला लागलेलो.

बाग साहेबाच्या काळातली. उतरत्या पायऱ्यांची हिरवळ, दुतर्फा उंच पामची झाडं, मधोमध दगडी कारंजं आणि एका कोपऱ्यात लोखंडी नक्षीचा गोल मंडप. तिथं म्हणे पूर्वी पोलिसांचा बँड वाजायचा. रविवारी कळवा-मुंब्र्यापासून माणसं डबे घेऊन यायची. आमच्या लेखी ती बागच होती. काकांच्या हिशेबी मात्र ते घर होतं. कारंज्यासमोरची हिरवळ म्हणजे दिवाणखाना. आंब्याखालची गार जागा म्हणजे माजघर. मंडप म्हणजे माडी, आणि माळ्याची रोपं होती तो मागचा भाग म्हणजे परसू. पहिल्या दिवशी मी कारंज्याजवळ पुस्तक उघडून बसलो, तर समोर येऊन म्हणाले, "परीक्षा आहे का? मग तू माजघरात बस बाबा. इथं पाहुण्यांची वर्दळ असते." मला वाटलं, बागेचे अधिकारी असतील. पुढे महिनाभर मी त्यांना साहेब म्हणत होतो. त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही.

कारंजं बहुतेक वेळा कोरडंच असायचं. त्याची लाज काकांना वाटायची. पाहुण्यांना तिथं घेऊन गेले की पडेल आवाजात म्हणायचे, "काय करणार, सध्या नळाला पाणी कमी आहे." गुलाब सुकलेले असले तर, "तुम्ही मागच्या आठवड्यात यायला हवं होतं." कुणी पश्चिमेच्या बाकावर बसू लागलं की धावत जायचे. "तिथं नको, ऊन तोंडावर येतं. आतल्या बाजूला बसा, मोकळे व्हा." लहान मुलांनी भेळेचे कागद टाकले तर रागवायचे नाहीत. स्वतः उचलायचे आणि आईबापांना म्हणायचे, "असू दे हो, मुलांचं घर आहे." मग आईबापच शरमून उरलेले कागद गोळा करायचे. शिट्टीवाला रखवालदार हे काम वर्षानुवर्षं ओरडून करत होता, त्याला काही ते जमलेलं नव्हतं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी बागेत चिटपाखरू नसायचं. तेव्हा काका फाटकाकडे तोंड करून पेपर वाचत बसायचे. पान मात्र बराच वेळ उलटलं जायचं नाही. एकदा एक जोडपं मुलाला घेऊन आलं. काकांचा चेहरा उजळला. ते आदल्या महिन्यात येऊन गेलेले पाहुणे होते, मुलाच्या पायाला तेव्हा खरचटलेलं. काकांनी विचारलं, "पाय काय म्हणतोय बाळाचा?" बाईंनी मुलाला जवळ ओढलं आणि नवरा म्हणाला, "चल रे, अनोळखी माणसांशी बोलायचं नाही." काका बाजूला झाले. मला म्हणाले, "घाईत असतील." आणि पुन्हा पेपर उघडला.

ते कुठे राहतात, घरी कोण असतं, हे मी विचारलंच नव्हतं. यजमानाला तसं कोण विचारतं? एकदा बोलता बोलता त्यांनीच सांगितलं, की ठाण्यात कचेरीत नोकरी झाली, राहायला ठाकुर्लीला, स्टेशनजवळच्या पिठाच्या गिरणीशेजारी. निवृत्त झाले तरी रेल्वेचा पास काढायची सवय सुटली नव्हती.

आता ताईची गोष्ट. माझी थोरली बहीण सुमन. तिची दोन स्थळं आमची खोली बघून परत गेलेली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. चहा प्यायले, डेपोतल्या गाड्यांचा आवाज ऐकला, कळवतो म्हणाले. दुसऱ्या वेळी ताईनं नेसलेली साडी घडी करताना आईला सांगितलं, की आता पुन्हा मला बसवू नका. तरी कल्याणच्या सावंतांकडून विचारणा आली. मुलगा दिलीप, पोस्टात होता. ताईनं एकच अट घातली, खोलीत नको. मग आईनंच काढलं, बागेत करू. तेव्हा बरीच माणसं असं करायची. रविवारी चार वाजता कारंज्यापाशी भेटायचं ठरलं.

रविवार असूनही त्या दिवशी कॉलेजात जादा प्रॅक्टिकल ठेवलं होतं. मी पोचेपर्यंत पाच वाजून गेलेले. बघतो तर सतरंजीच्या एका अंगाला आमची माणसं, दुसऱ्या अंगाला सावंत मंडळी, आणि मधोमध मांडी घालून टिपणीसकाका. हातात पोह्यांची बशी. आमचे बाबा त्यांना आग्रह करत होते, "घ्या ना अजून थोडे." तिकडून सावंतांच्या बाई म्हणत होत्या, "घ्या हो, संकोच कसला."

मला पाहून काका म्हणाले, "ये, ये. वाट बघत होतो."

बाबांनी अदबीनं माझी ओळख करून दिली. "हा आमचा मुलगा. कॉलेजात आहे."

"ओळखतो की," काका म्हणाले. "माजघरात बसतो."

बाबांना काही कळलं नाही, पण मोठ्या माणसाचं बोलणं म्हणून ते हसले. मी कोपऱ्यात बसलो. काहीतरी चुकतंय हे दिसत होतं, पण सगळे इतके खुशीत होते, की तोंड उघडायला धीर होईना. ताई खाली मान घालून बसली होती. मात्र आधीच्या दोन वेळांसारखी आखडून नव्हती.

घरी आल्यावर बाबा टोपी काढायच्या आधीच बोलायला लागले. "काय माणूस आहे मुलाचा काका. मी मानपानाचं विचारायला तोंड उघडतोय तर स्वतःच म्हणतो, मानपान, आहेर काही नको, मुलं सुखात राहिली म्हणजे झालं. सगळ्यांच्या देखत."

मी म्हटलं, "बाबा, ते मुलाचे काका नाहीत."

"मग मामा असतील."

"मामापण नाहीत."

"मग कोण?"

"ते बागेतले आहेत."

बाबा टोपी हातात धरून बसून राहिले. मी मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. काकांनी फाटकात सावंतांचं स्वागत केलं असणार, सावंतांना वाटलं हे मुलीचे काका. ते त्यांना घेऊन कारंज्याशी आले, आमच्या माणसांना वाटलं हे मुलाचे. आणि लग्नाच्या बोलण्यात वडीलधाऱ्या माणसाला तुम्ही कोण असं विचारायचं म्हणजे त्याचा अपमानच. तो कुणी करायचा? दोन्हीकडच्यांनी आपापल्या परीनं त्यांचा मान ठेवला होता.

"म्हणजे शब्द दिला कुणी?" बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "कुणी का दिलेला असेना. गप राहा. चांगलं झालंय ते होऊ दे."

बाबांना ते पटलं असतं. पण इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली ताई बोलली. "सांगून या बाबा. उद्या कळलं तर मला त्या घरात ऐकून घ्यावं लागेल. मोडायचं असलं तर आत्ताच मोडू दे."

पुढच्या रविवारी मी आणि बाबा कल्याणला गेलो. सावंतांच्या घरी पाणीही न पिता त्यांनी सगळं सांगून टाकलं. सावंत ऐकत राहिले. मग बायकोला बाहेर बोलावून पुन्हा सांगायला लावलं. त्या म्हणाल्या, "तरी मी ह्यांना म्हणत होते, मुलीकडचा माणूस इतका ऐटीत कसा बसलाय."

सावंत म्हणाले, "अहो, मी तर गावी कळवून बसलो. मुलीचे काका एवढे मानी, की मानपान करायचा नाही म्हणाले, मग आपण कशाला अडून बसायचं." बाबा जमिनीकडे बघत होते. दिलीप दारात उभा होता, तो म्हणाला, "बाबा, बोलणं झालंय ना? मग कोण बोललं याच्याशी काय करायचंय?" सावंतांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. आणि बायकोला म्हणाले, "अगं, ह्यांना चहा तरी टाक."

सोमवारी मी बागेत गेलो. काकांना विचारलं, त्यांना त्या दिवशी काय चाललंय हे माहीत होतं का. ते म्हणाले, "न कळायला काय झालं? दोन्ही बाजू घाबरून बसल्या होत्या. घरात पाहुणे असे अवघडलेले मला बघवत नाहीत."

"आणि मानपानाचं?"

"तुझे वडील विचारत होते. कुणीतरी उत्तर द्यायला नको?"

लग्नाची तारीख ठरली. बाबा म्हणाले, काकांना बागेतच पत्रिका देऊ. आईनं ऐकलं नाही. आमंत्रण घरी जाऊनच करायचं, अक्षता घेऊन, आणि मीसुद्धा येणार. म्हणून आम्ही तिघं एका सकाळी ठाकुर्लीला उतरलो. गिरणी सापडली, शेजारची बैठी चाळ सापडली, शेवटची खोलीही सापडली.

दार काकांनीच उघडलं. आम्हाला बघून ते उंबऱ्यातच उभे राहिले. घाबरलेच जणू. "काय झालं?" ते म्हणाले. "बाग बंद आहे का?"

मी म्हटलं, आमंत्रण द्यायला आलोय. तरी ते दारातून हलले नाहीत. रोज शंभर माणसांना हात धरून आत नेणारा माणूस, पण आम्हाला या म्हणायचं त्यांना सुचलं नाही. शेवटी आईच म्हणाली, "आत येऊ ना?" तेव्हा ते दचकून बाजूला झाले.

खोलीत एक लोखंडी खाट, एक खुर्ची, खुंटीला छत्री. खुर्चीवर धुतलेले कपडे होते ते त्यांनी उचलले, खाटेवर ठेवले, मग खाटेवर आम्ही कुठे बसणार म्हणून पुन्हा उचलले, आणि ते हातात तसेच धरून उभे राहिले. आईनं त्यांच्या हातातून कपडे घेतले आणि घडी करून उशाशी ठेवले. ती खाटेच्या अगदी काठावर टेकली. बाबा खुर्चीवर, मी भिंतीशी.

बाबांनी पत्रिका दिली, अक्षता दिल्या. काकांनी अक्षता ओंजळीत घेतल्या. त्या कुठे ठेवायच्या ते त्यांना कळेना, म्हणून मूठ मिटून उभे राहिले. मग आई बोलली. वाटेत तिनं याबद्दल आम्हाला काही सांगितलं नव्हतं.

"मला भाऊ नाही," ती म्हणाली. "बोहल्यावर सुमनच्या मागं मामा म्हणून उभं राहायला आमच्याकडे कुणी नाही. तुम्ही राहाल का?"

गिरणीचा पट्टा फिरत असल्याचा आवाज येत होता. काका म्हणाले, "मामाला काय काय करावं लागतं? मला काही माहीत नाही. चुकायला नको."

"काही नाही," आई म्हणाली. "तिला घेऊन यायचं आणि मागं उभं राहायचं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की विचार करत होते, ते समजलं नाही. मग एकदम म्हणाले, "चहा." स्टोव्हजवळच्या फळीवर एकच कप होता. ते चप्पल न घालताच बाहेर गेले आणि त्यांनी शेजारचं दार वाजवलं. मधली भिंत पातळ होती. सगळं ऐकू येत होतं. त्यांनी तीन कप मागितले. शेजारच्या बाईंचा आवाज आला, "अगंबाई, तुमच्याकडे कोण आलंय काका? कधी कुणी दिसत नाही ते."



"बहीण आलीय," काका म्हणाले. "ठाण्याची. कानतुटके कप नको देऊस."

आई खाटेच्या काठावरून मागे सरकली, पाय वर घेतले आणि नीट मांडी घालून बसली.