एक थेंबही न सांडणारी गाडी

"रविवारपर्यंत डाग पडायचे थांबले नाहीत, तर सोमवारी भंगारवाला येईल," मुलगा म्हणाला आणि तात्यांनी चहाचा कप तोंडाशी नेता नेता खाली ठेवला. दारातल्या नव्या फरशीवर, मोटरसायकलच्या बरोबर पोटाखाली, बशीएवढा काळा डाग होता. सूनबाईंनी तो तीनदा घासला होता आणि एकदा त्याच्यावरून घसरल्याही होत्या.

गाडी तात्यांनी सेकंडहँड घेतली त्याला बावीस वर्षं झाली होती. "हिने आजवर एक थेंब सांडला नाही," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला टाकीवर हात फिरवत ऐकवत. डाग पडायला लागले ते बायको गेली त्याच आठवड्यापासून. तेव्हा तात्यांच्या लेखी निदान झालेलंच होतं.

"ही गेल्यापासून गाडीने मनाला लावून घेतलंय," त्यांनी मेकॅनिकला सांगितलं.

मेकॅनिकने ऑईल मोजायची काडी बाहेर काढली. ठणठणीत कोरडी. "गाड्या रडत नाहीत, तात्या. त्यांची रबरी सीलं जातात. मध्ये ऑईल कधी टाकलं होतं?"

"टाकावंच लागत नाही. पितच नाही ती."

"अशी गाडी मी फक्त जाहिरातीत बघितलीय," म्हणत त्याने ऑईल भरलं. "घरी जा, इंजिन धुवा, कोरडं करा आणि वर पावडर मारा. दहा मिनिटं चालू ठेवा. काळी रेघ उमटेल तिथे रोग."

घरात पावडरचा एकच डबा होता. बायको गेल्यापासून सहा महिने कपाटात कुणी हात न लावलेला. तात्यांनी तो जरा वेळ हातात धरला, मग इंजिनवर शिंपडला. इंजिन तापलं तसा वास सगळ्या घरभर गेला. सूनबाई तणतणत दारापर्यंत आल्या, थांबल्या आणि तशाच आत गेल्या.

रेघ उमटली. गिअरच्या दांड्यापाशी. मेकॅनिकने येऊन तिथला चिकट काळा थर स्क्रूड्रायव्हरने खरवडला. "हे सील गेलंय. पण आज नाही हं. हा थर दहा वर्षांचा तरी आहे."

"शक्यच नाही!"

"बरं, नाही. सील आणा, मी बसवतो. कंपनी बंद पडलीय, तेवढं लक्षात ठेवा."

पहिल्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून जोडीदाराला हाक मारली, "अरे, ऐक तर, काय मागतायत!" दुसऱ्याने विचारलं, "आजोबा, गाडी चालवता की पुजता?" शनिवारी दुपारी तात्या तिसऱ्या दुकानात पोचले. गाडीचं नाव ऐकून म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला.

"ही गाडी तर काकूंची. दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत?"

"कोण काकू?"

"दर दोन महिन्यांनी ऑईलची बाटली न्यायच्या. मला वाटायचं, त्याच चालवतात."

तात्या स्टुलावर बसले. काकू म्हणजे आपलीच बायको आणि ती गेली, हे त्यांनी सांगितलं. दुकानदाराने खालच्या खणातून एक पिवळी पडलेली पुडी काढली.

"सील. त्यांनीच मागवलं होतं. आल्यावर म्हणाल्या, राहू दे इथेच. ह्यांनी एकदा इंजिन उघडलं की नटबोल्ट माझ्या ओट्यावर येतील आणि गाडी काही परत जुळणार नाही. त्यापेक्षा मी रात्री खाली ट्रे ठेवते, सगळे उठायच्या आत उचलते आणि ऑईल टाकत राहते. ह्यांना वाटू दे गळत नाही."

तात्या घरी आले ते थेट जिन्याखालची अडगळ उपसू लागले. रद्दीमागे, पोत्यात गुंडाळलेला, तळाला काळा थर चढलेला पत्र्याचा ट्रे होता. केकचा. अकरा वर्षांपूर्वी तो हरवला म्हणून घरातला केक बंद झाला होता आणि तात्या त्यावरून तिच्याशी तीन दिवस बोलले नव्हते.

त्यांनी ट्रे पुसला आणि गाडीखाली सरकवला. दोन बोटं डावीकडे. टप्. बरोबर मधोमध.

रविवारी सकाळी तात्या सगळ्यांच्या आधी उठले आणि ट्रे पुन्हा जिन्याखाली ठेवून आले. मुलगा वाकून फरशी बघत होता, तेव्हा ते चहा पीत होते. फरशी लख्ख होती.

"कमाल आहे! मिळाला वाटतं पार्ट?"

तात्यांनी खिशातल्या पुडीवरून हात फिरवला.

"मिळाला," ते म्हणाले. "घरातच होता."