मोटारीचा नवा तळ

सन १९७४ च्या भाद्रपदात, सातारा मुक्कामी, निवृत्त सुभेदार लालासाहेब यांच्या विलायती मोटारीचा गंजलेला तळ कापून काढण्यात आला.

माधवनगरच्या एका गिरणीवाल्याकडून त्यांनी ती लग्नाच्या वर्षी घेतली होती, आणि तेव्हापासून दरसाल ती नवराबायकोला औंधच्या यमाईला नेत असे. वाटेत एक ओढा लागे. पुढच्या सीटखालच्या भोकातून त्याचे पाणी आत येई आणि पलीकडे पोहोचताच निघून जाई. ओढा आला की विजयमालाबाई हसत दोन्ही पाय सीटवर घेत. एके वर्षी एक खेकडाही औंधपर्यंत आला होता.

यंदा मात्र बाईंनी साफ सांगितले, “गुडघं वर येत न्हाईत आता. मोटार इका. एस्टीनं जाऊ.”

मोटार विकण्यापेक्षा सुभेदारांनी मिशी उतरवली असती. ते तडक आकाराम वेल्डरकडे गेले.

आकारामाने नवा पत्रा जोडला. “झालं, सुभेदार.”

“सांध्याला डांबर भर.”

“भरलंय की.”

“आनखी भर. आन् दारांच्या कडंला ट्यूबचं रबर लाव. थेंब आत आला न्हाई पायजे.”

“आवं, मोटार हाय का पान्याची टाकी?”

“टाकीत पानी आत असतंय. हितं ते भाईर ऱ्हायला पायजे,” सुभेदारांनी मुद्दा खोडून काढला.

दोघे यमाईला निघाले त्या दिवशी ओढ्याला नेहमीपेक्षा पाणी जास्त होते. सुभेदारांनी विजयी मुद्रेने मोटार आत घातली. थेंब आत आला नाही. मध्यावर मात्र स्टिअरिंग एकाएकी हलके झाले. चाके फिरत होती. मोटार त्यांच्या मताला न जुमानता सावकाश आडवी निघाली होती.

“आवं, कुटं निगाला?”

“मी न्हाई निगालो. मोटार निगालीया.”

काठावर बैल धूत असलेला जोतीराम शांतपणे म्हणाला, “सुभेदार, औंध हिकडं हाय.”

आत शिरलेल्या पाण्याच्या वजनाने जी मोटार आजवर चाके टेकून चालत आली होती, ती आता रिकाम्या घागरीसारखी तरंगत एका बाभळीला जाऊन अडकली. जोतीरामाच्या बैलांनी ती ओढून काढीपर्यंत सुभेदार स्टिअरिंग धरून समोरच बघत राहिले.

“तुजंच खरं. इकून टाकतो,” काठावर आल्यावर ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी बाईंकडे वळून पाहिले.

बाईंचे दोन्ही पाय सीटवर होते. लुगडे आवळून धरून त्या लग्नाच्या वर्षी बसल्या होत्या तशाच बसल्या होत्या. त्यांच्याही ते आत्ताच ध्यानात आले असावे.

“गुडघं?” सुभेदारांनी विचारले.

“आलं की वर.” बाईंनी पाय सावकाश खाली सोडले. “मोटार इकायची न्हाई. भोक तेवडं परत पाडून घ्या.”