टिटवीला नोकरी लागते

एका जंगलात, जिथं नदी वळून रुंद होते आणि काठाला नुसते गोटेच गोटे पसरलेले असतात तिथं, मुलांनो, एक टिटवी राहत असे. सोबत तिचा नवरा टिटवा.

टिटवीचं काम एकच. वाघ दिसला की ओरडायचं. तेही असं की पाण्यावर आलेली चितळं, सांबरं, डुकरं, सगळी जीव घेऊन पळायची आणि वाघ चरफडत गवतात परत जायचा. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. वाघ दिसायचा आणि ओरडणं होऊन जायचं. असे नऊ उन्हाळे गेले.

टिटवीचं दुःखही एकच. टिटव्या अंडी उघड्यावर घालतात, जमिनीवर, गोट्यांच्या मध्ये. गव्यांचा कळप पाण्यावर यायचा तो थेट अंड्यांवरून जायचा. मुद्दाम नाही हं. गव्यासारख्या मोठ्या प्राण्याला पायाखालचं दिसत नाही, एवढंच. सलग तीन वर्षं अंडी गेली. तिसऱ्या वर्षी टिटवी टरफलांपाशी दिवसभर बसून राहिली. त्या दिवशी वाघ आला तेव्हा टिटव्यानं एकट्यानं ओरडून वेळ निभावली.

आणि मग एके दिवशी वडाच्या खोडावर जाहिरात लागली.

‘वनमंडळास पाहिजे : धोकासूचना अधिकारी. पद एक. काम : धोका दिसताच सूचना देणे. अधिकाऱ्यास राहण्यासाठी करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलेली जागा मिळेल.’

टिटवीनं शेवटची ओळ दोनदा वाचली.

“अहो,” ती टिटव्याला म्हणाली, “कुंपण देताहेत.”

“काम तर आपण करतोच आहोत. अर्ज कशाला?”

“करतो म्हणूनच तर! मला नाही तर आणखी कुणाला देतील?”

मुलांनो, ही टिटवी स्वभावानं फार भोळी होती.

वनमंडळाच्या कचेरीत कारकून म्हणून एक खवल्या मांजर होतं. सगळे त्याला खवलेभाऊ म्हणत. खवलेभाऊंची एक सवय होती. अवघड प्रश्न विचारला की ते अंगाचा गोळा करून घेत. मग त्या गोळ्याशी बोलण्यात अर्थ नसे.

“रहिवासी दाखला लागेल,” खवलेभाऊ म्हणाले. “अनुभवाचा दाखला लागेल. बायोडाटा लागेल. सगळं तीन प्रतींत.”

“पण मी ओरडते हे तर सगळ्या जंगलाला माहीत आहे. तुम्हीही ऐकता की.”

खवलेभाऊंचा गोळा झाला.

दाखल्यासाठी खवलेभाऊ पाहणीला आले. गोट्यांवर उभे राहून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

“घरटं कुठं आहे?”

“अहो, सांभाळून! त्यातच उभे आहात.”

“यात काडी नाही. काडी नसेल तर घरटं धरत नाहीत. आणि घरटं नसेल तर तुम्ही इथं राहत नाही.”

मग टिटवी-टिटव्यानं आयुष्यात पहिल्यांदा काड्या गोळा केल्या. दोघांनाही घरटं बांधता येत नव्हतं. पुराच्या पाण्यानं केर आणून टाकावा तसं काहीतरी उभं राहिलं. खवलेभाऊंनी ते मोजलं आणि दाखला दिला. संध्याकाळच्या वाऱ्यानं घरटं उडून गेलं. दाखला मात्र राहिला.

अनुभवाचा दाखला मागायला टिटवी चितळांकडे गेली. चितळांच्या म्होरक्याला तिनं किमान वीस वेळा वाचवलं असेल.

“दाखला द्यायला हरकत नाही,” म्होरक्या रवंथ करत म्हणाला. “पण लिहायचं काय? आम्ही पळालो ते आमच्या पायांनी.”

“मी ओरडले म्हणून पळालात ना?”

“ओरडलीस खरी. पण आम्ही तेव्हा पळायच्या विचारातच होतो. आता कागदावर तुझं नाव लिहिलं तर उद्या आमच्या पोरांना वाटेल की बापाला धोका कळतच नव्हता.”

पुष्कळ विनवण्या केल्यावर त्यानं एक ओळ लिहून दिली. ‘सदर टिटवी आम्हांस ऐकू येते.’

ज्यांना ओरडूनही वाचवता आलं नव्हतं, त्यांच्याकडून दाखला मिळण्याची सोय नव्हती.

राहिला बायोडाटा. त्यासाठी टिटवी राघूसरांच्या वर्गाला गेली. हे राघूसर म्हणजे एक पोपट. त्यांना स्वतःला कधी नोकरी लागली नव्हती. म्हणून ते नोकरी कशी लागते ते शिकवत. टिटवीनं आपला बायोडाटा पुढं केला. त्यात एकच वाक्य होतं. ‘वाघ दिसला की मी ओरडते.’

“हा बायोडाटा आहे की तक्रार?” राघूसर म्हणाले. त्यांनी चोचीनं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं : ‘हिंस्र घटकांच्या हालचालींबाबत सर्व संबंधितांशी तत्पर व परिणामकारक संवाद.’

“म्हणजे काय हो सर?”

“म्हणजे ओरडते.”

असं करत करत बायोडाटा चार पानांचा झाला. टिटवीनं तो वाचला तेव्हा तिला त्यात वर्णन केलेल्या पक्ष्याविषयी फार आदर वाटला.

“आता मुलाखत,” राघूसर म्हणाले. “तुमचा आवाज.”

“आवाज चांगला आहे माझा. पैलतीरापर्यंत जातो.”

“तेच सांगतोय. जायला नको. विचारतील तेवढंच बोला. हळू बोला. मध्येच बोलू नका. आणि काहीही झालं तरी मुलाखतीत ओरडू नका. ओरडणाऱ्याला कोण ठेवून घेतं?”

टिटवीनं पंधरा दिवस न ओरडण्याचा सराव केला. वाघ दिसला की ती चोच मिटून दहापर्यंत आकडे म्हणायची. तोवर टिटवा ओरडून मोकळा व्हायचा. तिच्या पोटात अंडी तयार होत आली होती. आणखी चार-पाच दिवस, फार तर आठ.

मुलाखत मोहाच्या झाडाखाली होती. मधोमध अध्यक्ष म्हणून गवासाहेब. उजवीकडे नियम सांभाळायला रानडुक्कर, म्हणजे डुकरराव, मांडीवर वही घेऊन. डावीकडे भीती या विषयाचे तज्ज्ञ म्हणून ससा. तिघांच्या पाठीमागं पुरुषभर उंच गवत.

आधीचा उमेदवार घुबड होतं. मुलाखत दिवसा असल्यामुळे ते झोपेतच उत्तरं देऊन गेलं होतं.

“धोका म्हणजे काय?” सशानं विचारलं.

“धोका म्हणजे पुढं घडू शकणाऱ्या अप्रिय घटनेची शक्यता, सर,” टिटवी हळू आवाजात म्हणाली.

सशाचे कान समाधानानं हलले.

तेवढ्यात मागचं गवतही हललं. वारा नव्हता. टिटवीनं पाहिलं. गवताच्या पिवळ्या काड्यांत काही काड्या जास्त पिवळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये दोन डोळे होते.

आरोळी तिच्या गळ्यापर्यंत आली. चोचीपर्यंत आली. टिटवीनं चोच घट्ट मिटली. एक, दोन, तीन. कुंपण, कुंपण, कुंपण. गळ्यात गोटा अडकावा तसं दुखायला लागलं. मग तिनं एक पंख वर केला.

“सर, एक विनंती होती...”

“उमेदवारांनी प्रश्न शेवटी विचारावेत,” डुकरराव म्हणाले. “नियम अकरावा.”

“प्रश्न नाही सर. माहिती आहे.”

“माहिती अर्जासोबत जोडायची होती.”

गवासाहेबांनी मान हलवली. ते तसे प्रेमळ होते. “असू दे. बाई, तुमची एखादी उणीव सांगा बघू.”

टिटवी गवताकडे पाहत होती. “सर, धोका दिसला की मला ओरडावंसं वाटतं.”

“मग काय करता?”

“आवरते, सर.”

“एखादं उदाहरण द्या.”

“आत्ता आवरते आहे, सर.”

गवासाहेब खो खो हसले. ससाही हसला. डुकरराव हे उत्तर वहीत लिहून घेत होते, तेवढ्यात वाघानं त्यांना उचललं.

फार आवाज झाला नाही. वही तेवढी मागं राहिली.

ससा बिळात गेला. गवासाहेब उठले, वळले, शिंगं खाली केली. पण समोर नुसतं गवत होतं आणि तेही आता हलत नव्हतं. टिटवी होती तिथंच उभी होती. चोच मिटून.

“तुम्ही जाऊ नका,” गवासाहेब धापा टाकत म्हणाले. “दोन सदस्य असले तरी मुलाखत ग्राह्य धरतात.”

“मी आहे,” बिळातून आवाज आला.

“बाई, तुम्हाला वाघ दिसला होता?”

“हो, सर.”

“कधीपासून?”

“धोक्याची व्याख्या सांगितली तेव्हापासून.”

“आणि तरी तुम्ही मुलाखतीचा भंग केला नाहीत!” गवासाहेबांचा आवाज भरून आला. “आमच्या कचेरीत नेमकी हीच शिस्त नाही हो.”

टिटवीला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

परतताना ती सरळ घरी गेली नाही. नदीच्या रिकाम्या पात्रावर गेली आणि तीनदा ओरडली. “टीटिव-टिव! टीटिव-टिव! टीटिव-टिव!” टिटवा उडत आला.

“कुठंय? कुठंय वाघ?”

“कुठं नाही. अडकलं होतं ते काढलं.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “डुकरराव गेले.”

“कुंपण?” टिटव्यानं विचारलं.

“मिळालं.”

कुंपण खरंच चांगलं होतं. टिटवीनं त्यात चार अंडी घातली. गवे आले, काट्यांना नाक लावून बाजूनं निघून गेले. चारही पिलं निघाली. काटकुळ्या पायांची, गोट्यांच्या रंगाची. टिटवी त्यांच्याकडे बघत बसली की तिला डुकरराव क्वचितच आठवत. आता तुम्ही तिला नावं ठेवाल. ठेवा. तुमची अंडी तीन वर्षं तुडवली गेली नव्हती.

कचेरीतलं काम फार नव्हतं. धोका दिसला की अर्ज भरायचा. तो खवलेभाऊंकडे द्यायचा. खवलेभाऊ तो गवासाहेबांपुढं ठेवायचे. गवासाहेबांचा शेरा पडला की मग सूचना. तोवर धोका येऊन, जेवून, निघून गेलेला असायचा. मग त्याच कागदावर ‘सूचना’ हा शब्द खोडून ‘श्रद्धांजली’ असं लिहीत. कागद वाया जात नसे.

टिटवा मात्र अजून गोट्यांवरच असायचा. वाघ दिसला की ओरडायचा. चितळं पळायची.

एक दिवस खवलेभाऊ एक नोटीस घेऊन आले. ‘नदीकाठी अनधिकृत सूचना दिल्या जात असून कचेरीच्या सूचनेची वाट न पाहता प्राणी परस्पर पळत आहेत. सबब संबंधितानं ओरडणं तत्काळ थांबवावं.’

“खाली तुमची सही लागेल, बाई.”

“माझा नवरा आहे हो तो.”

“नोटिशीत फक्त ‘संबंधित’ म्हटलंय.”

“आणि नाही केली सही तर?”

खवलेभाऊंचा गोळा झाला. टिटवी त्या गोळ्यासमोर दुपारपर्यंत बसली. कुंपणाच्या आत पिलं किडे शोधत एकमेकांवर पडत होती. शेवटी तिनं सही केली.

नोटीस द्यायला ती स्वतः गेली. टिटव्यानं एका पायावर उभं राहून ती नीट वाचली.

“वाघ दिसला तर मग?”

“मला येऊन सांगा. मी वर कळवीन.”

“आणि पाण्यावर चितळं असली तर?”

टिटवीनं पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर चितळं होती.

“अर्ज तीन प्रतींत लागेल,” ती म्हणाली.

टिटव्यानं कागद उडू नये म्हणून त्यावर एक गोटा ठेवला. “अक्षर छान आहे गं तुझं,” तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटलं.

त्या वर्षीच्या अहवालात वनमंडळानं लिहिलं : ‘ओरडण्याबाबत यंदा एकही तक्रार नाही. पाण्यावरची गर्दीही बरीच कमी झाली आहे.’ टिटवीचं नाव घेऊन तिचं कौतुकही केलं होतं.

तात्पर्य : धोका दिसला की ओरडणं ही गुणवत्ता नसून वाईट सवय आहे. नोकरी लागली की ती सुटते. घरातल्या कुणाची सुटली नाही, तर त्याला रीतसर कळवावं.