लोखंडी कपाटातलं वायफाय

घरात आलेली नवी वस्तू आधी जपावी आणि मग, सवड मिळाली तर, वापरावी, या तत्त्वावर आपला समाज उभा आहे. सोफ्यावरचं प्लास्टिक, रिमोटची पिशवी आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला चांगला टॉवेल (पाहुणे आले की तो सापडत नाही) ही याची ठळक उदाहरणं. सौंसरचे रघुनाथराव त्याही पुढे गेले. त्यांनी इंटरनेट कुलपात ठेवलं.

रघुनाथराव तहसील कार्यालयातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झाले. मी त्यांचा शेजारी दिलीप, निवृत्त मास्तर. अक्षर बरं असल्यामुळे गल्लीतल्या कोणत्याही समितीचा सचिव मलाच करतात, आणि मीही नाही म्हणत नाही.

झालं असं की त्यांची धाकटी लेक प्राजक्ता जर्मनीत शिकते. तिचा पदवीदान समारंभ शुक्रवारी आपल्या अडीच वाजता इंटरनेटवर थेट दाखवणार होते. मंचावर ती दिसणार जेमतेम पंधरा सेकंद. तिची आई वच्छलाबाई, ज्यांनी लेकीला तीन वर्षांत प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, एवढंच म्हणाल्या, "मले ते पंधरा सेकंद पाहाचे आहे. बाकी तुमचं चालू द्या."

बाकीचं लगेच चालू झालं. बैठकीच्या भिंतीवर मोठा टीव्ही ठोकला. वायफायचा डबा आला. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, शनिवारी जामसांवलीला नेऊन हनुमानजीच्या पायाशी लावून आणला. मग रघुनाथरावांनी तो मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, शालू, दागिने आणि घराच्या रजिस्ट्रीच्या कागदांमध्ये ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली. बाहेर ठेवला तर माकडं नेतील, हे त्यांचं म्हणणं. तार आत घ्यायला कपाटाला मागून भोक पाडलं. (भिंतीला भोक पाडायला घरातून सक्त विरोध होता, पुट्टी नुकतीच झाली होती. कपाटाच्या बाजूनं कोणी बोललं नाही.)

यानंतर टीव्हीवर इंटरनेट येईना. सगळ्यांना नवल वाटलं. समिती नेमली गेली.

समितीत सरळ दोन पक्ष पडले. रघुनाथरावांचा पुतण्या चेतन, ज्याचं पांढुर्ण्यात कॉम्प्युटरचं दुकान आहे, तो तारेच्या बाजूनं होता. हवेतून आलेल्या चित्राचा भरवसा नाही, तार कशी हाताला लागते, असं तो सांगत होता. मोठे जावई भूपेंद्रजी बिनतारवाले. त्यांच्या म्हणण्याला शास्त्रीय आधार असा, की ते जावई होते. आमच्याकडे जावयाचं मत फेटाळता येत नाही, फार तर त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढता येते.

सचिव या नात्यानं मी पाहणी केली. (पाहणी म्हणजे ज्या घरी मला चहा मिळाला ती घरं.) एकूण अकरा घरं. चार ठिकाणी डबा फ्रिजवर, तीन ठिकाणी देवघरात, दोन ठिकाणी त्यावर क्रोशाचा रुमाल, एका ठिकाणी डबा कुठं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं आणि इंटरनेट सर्वांत चांगलं तिथंच होतं. अकरावं घर रघुनाथरावांचं. अहवाल एकमतानं मंजूर झाला आणि कोणी वाचला नाही.

दोन्ही पक्षांचा मान राखायचा म्हणून दोन्ही उपाय झाले. तीस मीटर तार आणली. भिंतीला भोक चालत नसल्यानं ती मागच्या खिडकीतून गच्चीवर, तिथून न्हाणीच्या झरोक्यातून बैठकीत आली आणि टीव्हीपासून चार मीटरवर संपली. टीव्ही सरकवा म्हटलं तर पुट्टी. कपाट सरकवा म्हटलं तर ते लग्नात आलेलं, ते हलत नाही. मग बिनतार पक्षाला न्याय म्हणून कपाटाचं दार चार बोटं उघडं ठेवायचं ठरलं, आणि आत दागिने असल्यानं तिथं राखणीला माणूस बसवायचं. जावयाला राखणीला बसवता येत नाही. म्हणून चेतन बसला. तो तत्त्वाचा पक्का, त्यानं दाराला पाठ टेकवली, दार दोन बोटांवर आलं.

शुक्रवारी अडीचला टीव्हीवर गोल फिरू लागलं. आम्ही सगळे त्या गोलाकडे आदरानं पाहत होतो. दोन पन्नासला तीन सेकंद चित्र आलं, काळ्या झग्यातलं कोणीतरी हात मिळवत होतं. भूपेंद्रजी म्हणाले, हीच प्राजक्ता. आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. पाठोपाठ प्राजक्ताचा फोन आला, दिसून राहिलं का, बाबा?

"एकदम क्लियर," रघुनाथराव म्हणाले. "मले तं रडूच आलं."

मग ती म्हणाली की ती अजून लाइनीतच उभी आहे, तिच्या विभागाला वीस मिनिटं आहेत.

वीस मिनिटं पुष्कळ झाली. त्यात आम्ही पहिल्यांदा कोण चुकलं ते शोधलं आणि ज्या अनोळखी विद्यार्थ्याला टाळ्या दिल्या त्याच्याही अभिनंदनाचा ठराव घेतला. वच्छलाबाई मध्येच उठून गेल्या. चहा ठेवायला गेल्या असतील असं आम्ही धरलं. टीव्हीवर गोल फिरतच होतं. पुन्हा फोन आला, पुन्हा रघुनाथराव म्हणाले, "आता तं पहिल्यापेक्षाही क्लियर."

वच्छलाबाई आल्या तेव्हा चहा नव्हता. डोळे पुसलेले होते.

"पाहिली का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

पाहिली, सगळेच म्हणाले.

"काय घातलं होतं तिनं?"

"काळा झगा," भूपेंद्रजी म्हणाले. तिथं सगळ्यांनीच तो घातला होता.

"अन् झग्याखाली?"

भूपेंद्रजींनी पेढा उचलला.

"माही जांभळी साडी," त्या म्हणाल्या. "जातानी देल्ली होती मी तिले. काठ दिसून राहिला होता."

आठ दिवसांपासून समारंभाची लिंक त्यांच्याच मोबाइलवर पडून होती. अंगणात, संत्र्याच्या झाडाखाली स्टुलावर बसून त्यांनी ती दाबली आणि पंधरा सेकंद पाहिले. मोबाइल हा विषय समितीपुढे कधी आलाच नव्हता.

इतिवृत्तात मी लिहिलं, 'समारंभ सर्व सदस्यांनी स्पष्ट पाहिला.' सर्वांनी सह्या केल्या. वच्छलाबाईंची घेतली नाही, त्या सदस्य नव्हत्या.

तुम्हाला हसू येत असेल, येऊ द्या. फक्त एवढं सांगा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आईला "हो हो, दिसून राहिली" म्हणालात, तेव्हा तिनं कोणती साडी नेसली होती?