जीपीएससह सीमोल्लंघन

खालच्या मजल्यावरच्या हेर ड्योर्फलरांनी (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत) जिन्यात गाठून, "मला एक साधा जीपीएस निवडून द्याल का?" असं विचारलं, तेव्हा पद्माकरने सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण कोणी सल्ला विचारला की त्याची छाती आपोआप पुढे यायची, त्याला तो तरी काय करणार.

हेर ड्योर्फलर निवृत्त होते आणि शिकारी होते. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावाबाहेरच्या जंगलात एका पट्ट्यात शिकार करायचा त्यांना परवाना होता. तिथे त्यांचं एक लाकडी मचाण होतं, आणि त्यावर बसून ते भल्या सकाळपासून रानडुकराची वाट बघत. रानडुक्कर बहुधा येत नसे. अलीकडे त्यांचे गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागले होते, म्हणून हातात यंत्र असल्याशिवाय जंगलात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांच्या बायकोने हुकूम काढला होता.

"आल्झो, म्हणजे असं बघा, अगदी साधा हवा," ते म्हणाले. "नकाशे नकोत, भानगडी नकोत. गाडी कुठे ठेवली ते सांगितलं की पुरे. तुम्ही निवडा, आणि आधी तुम्हीच वापरून बघा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," पद्माकर म्हणाला. वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तो स्वतःला तज्ज्ञ समजायला लागला होता.

आता खरं सांगायचं तर पद्माकर सॉफ्टवेअर उत्तम लिहायचा, पण दिशा वाटताना देवाने त्याच्या बाबतीत हात आखडता घेतला होता. एकदा फर्निचरच्या अवाढव्य दुकानातून बाहेर पडायची वाट सापडेना, तेव्हा त्याने नको असलेलं कपाट विकत घेतलं, कारण कपाट घेणाऱ्याला दुकानातला माणूस दारापर्यंत सोडायला येतो. (ते कपाट अजून घरात आहे. त्यात काय ठेवायचं ते ठरलेलं नाही.)

कपाटाचं एक वेळ चाललं. पण गेल्या वर्षी मुलीच्या, स्वानंदीच्या, वाढदिवसाला तो तिच्या मैत्रिणींना घेऊन जंगलात गेला आणि चुकला. शेवटी घोड्यावरून रपेट करणाऱ्या एका बाईंनी सगळ्यांना रांगेत चालवत गावात आणून सोडलं. घोडा पुढे, मुली मधे, पद्माकर शेवटी. शाळेत ही गोष्ट वर्षभर पुरली. तेव्हापासून जंगलाचं नाव काढलं की स्वानंदीचं उत्तर ठरलेलं होतं: "मिट पापा? नाइन." आईबरोबर जाईन, शाळेबरोबर जाईन, पापाबरोबर नाही. पद्माकर ते हसण्यावारी न्यायचा. पण रविवारी दोघी मायलेकी बूट चढवून निघाल्या की तो खिडकीत उभा राहून बघायचा आणि त्याला फार वाईट वाटायचं.

तेव्हा जीपीएस हेर ड्योर्फलरांसाठी, हे नुसतं म्हणायला. खरेदी चालली होती स्वानंदीसाठी.

तीन आठवडे त्याने दुसरं काही केलं नाही. ऑफिसातला पुष्कर म्हणाला, "अरे, नकाशेवाला रंगीत घे, जरा बरा तरी दिसेल." पण पद्माकर बधला नाही. सोपं म्हणजे सोपं. काळा-पांढरा पडदा, मोजकी बटणं आणि एक बाण, असं मुठीत मावणारं यंत्र त्याने मागवलं. ते आलं नेमकं दसऱ्याच्या तोंडावर, आणि घरात तेव्हा सासूबाई होत्या.

शोभनाताई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. खंडेनवमीला सकाळी पद्माकर उठून बघतो तो टेबलावर पाट मांडलेला. पाटावर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, ड्रिल मशीन, बायकोचा, नीताचा, लॅपटॉप आणि मधोमध जीपीएस. वर हळद, कुंकू, अक्षता आणि खालच्या फ्राऊ ड्योर्फलर बाईंच्या बाल्कनीतला झेंडू.

"आई, तेवढा जीपीएस द्या जरा. चालू करून बघायचाय."

"आज नाही हं, पद्माकरराव. शस्त्र पूजेला बसलं की उद्यापर्यंत हात लावायचा नसतो."

"पण ते शस्त्र नाही, आई. ते फक्त दिशा दाखवतं."

"शिकाऱ्याचं आहे ना? मग शस्त्रच."

"अहो, राहू द्या ना एक दिवस," नीता म्हणाली. (आई घरात असली की ती त्याला अहो म्हणायची. एरवी अरे.)

तो दिवस पद्माकरने माहितीपुस्तिकेचं इंग्रजी पान वाचण्यात घालवला. जर्मन पानं स्वानंदीने आधीच पळवली होती.

दसऱ्याला रविवार होता. शोभनाताईंनी जाहीर केलं की सीमोल्लंघन झालंच पाहिजे, गावाची वेस ओलांडायचीच. वेशीपलीकडे जंगलच होतं. आजी येतेय म्हटल्यावर स्वानंदीही बूट घालून तयार झाली. पद्माकरला आतून इतका आनंद झाला की तो उगाचच दोनदा शिंकला. श्रीखंडासाठी रात्रभर टांगलेलं क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं दही, फडक्यातून काढत नीता म्हणाली, "पुऱ्या तळायच्या आत या म्हणजे झालं."

जंगलाच्या तोंडाशी गाडी लावून पद्माकरने यंत्र सुरू केलं, बटण दाबलं आणि गाडीची जागा नोंदवली. हे त्याने बिनचूक केलं, त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. मग यंत्र खिशात टाकून तिघं मजेत हिंडली. शोभनाताईंनी सोनं म्हणून बीच नावाच्या झाडाची पिवळी पानं गोळा केली. आपटा नाही तर नाही, म्हणाल्या, रंग तरी सोन्याचा आहे.

परतायची वेळ झाली तसं पद्माकरने ऐटीत यंत्र बाहेर काढलं. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक सुरेख लाल ठिपका होता.

"बघ," तो स्वानंदीला म्हणाला. "रंगीत नाही म्हणून विकतात, पण गाडी तेवढी लाल दाखवतात. याला म्हणतात जर्मन व्यवस्था."

"आपली गाडी लाल आहे म्हणून?" स्वानंदीने विचारलं. (ती बोलत होती जर्मनच. इथे वाचकांच्या सोयीसाठी मराठी केलं आहे.)

या प्रश्नावर पद्माकर क्षणभर थांबला, पण क्षणभरच. ठिपका उजवीकडे, म्हणून तो उजवीकडे वळला. थोडं चालून बघितलं, ठिपका अजून उजवीकडेच. मग आणखी उजवीकडे. होता होता एक लाकडी मचाण लागलं.

"शिकाऱ्यांचं असतं," त्याने माहिती पुरवली. आणखी चालल्यावर पुन्हा एक मचाण लागलं. "इथे बरीच असतात. सगळी सारखीच बांधतात हे लोक."

मचाण तिसऱ्यांदा आलं तेव्हा शोभनाताई त्याच्या शिडीच्या खालच्या पायरीवर टेकल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "पद्माकरराव, याला प्रदक्षिणा घालायची असते का इथे?"

स्वानंदी आता घोडेवाल्या बाई कुठे दिसतात का, अशा नजरेने झाडांमध्ये बघत होती. आज चुकलो तर ही पुन्हा कधी येणार नाही, हे पद्माकरला स्पष्ट दिसलं. जंगलात त्याला स्पष्ट दिसलेली ती एवढी एकच गोष्ट होती.

"स्वानंदी," तो शेवटी म्हणाला, "मला खरंच कळत नाहीये. ठिपका जवळच येत नाही."

बापाच्या तोंडून असं वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने यंत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, बोट जिभेला लावलं आणि पडद्यावरून फिरवलं. ठिपका गेला.

"अगं, गाडी पुसलीस तू," पद्माकर ओरडला.

स्वानंदीने बोट आजीपुढे धरलं. शोभनाताईंनी चष्मा वर केला.

"कुंकू आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातचं. जरा जास्तच पडलं वाटतं."

कुंकू जिथे होतं त्याच्या खालून बाणाचं टोक बाहेर आलं. पद्माकरने यंत्र घेऊन जागेवर गिरकी घेतली, पण बाण ढिम्म.

"पापा, उभं राहून नाही कळत त्याला," स्वानंदी म्हणाली. "पुस्तिकेत लिहिलंय. चाललं तरच बाण वळतो. तू चाल."

तिने त्याचा हात धरला आणि ती दोघं चालायला लागली. मागून सोन्याची पानं सांभाळत शोभनाताई. बाण हलला, वळला आणि सरळ झाला. काही वेळाने झाडांतून लाल गाडी दिसली. स्वानंदीने हात सोडला नाही. नीताच्या पुऱ्या कधीच तळून झाल्या होत्या, पण तिने हसतच ताटं वाढायला घेतली, कारण लेक बापाचा हात धरून घरात आली होती.

संध्याकाळी शोभनाताईंनी हेर ड्योर्फलरांच्या हातावर बीचचं पान ठेवलं आणि पद्माकरने यंत्र.

"मला हेच हवं," हेर ड्योर्फलर म्हणाले. "मी सकाळी मचाणावरच होतो, बायको तिथवर सोडून गेली होती. तुम्ही तीनदा खालून गेलात. रानडुक्कर तर गेलंच, पण मी मुद्दामच हाक मारली नाही."

"का?"

"मला बघायचं होतं. बायको म्हणाली, वरच्या मजल्यावरचे हेर पद्माकर ज्याच्या जोरावर घरी पोहोचतील, ते यंत्र कोणालाही जमेल. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

पद्माकर जिना चढून वर आला. तेवढ्यात स्वानंदी आली.

"पुढच्या रविवारी परत जायचं, पापा?"

"माझ्याबरोबर?" त्याने खात्री करून घेतली. "आपण आपला एक जीपीएस घेऊ. मी उद्याच मागवतो."

"हो. पण धरणार मी. बटणं मी दाबणार, बाणही मीच बघणार."

"मग मी काय करू?"

स्वानंदीने थोडा विचार केला. "कोणीतरी चालल्याशिवाय ते चालत नाही ना," ती म्हणाली, "तू पुढे चाल."