मोशीकरांचा तिसरा अंक

मराठी नाटक तीन अंकी असतं, असं जाणकार सांगतात. जाणकार पुण्यात राहतात, म्हणून त्यांना तसं वाटतं. आम्हा मोशीकरांसाठी नाटक दोनच अंकांचं असतं. पुण्यातला प्रयोग दुपारी साडेचारचा. पावणेसातला दुसरा अंक संपतो आणि सव्वासातला शिवाजीनगरहून मोशीची शेवटची एसटी सुटते. लेखकाने कितीही जीव ओतून तिसरा अंक लिहिलेला असो, वेळापत्रकाने तो मंजूर केलेला नाही.

त्यामुळे मोशीकरांचं काही अडत नाही. नायिकेचं पुढे काय झालं, याचा निकाल परतीच्या गाडीत बहुमताने लागतो. (आजवर सर्व नायिकांची लग्नं झाली. एकीचं दोनदा झालं, कारण त्या दिवशी गाडी वाटेत बंद पडली होती.)

मी मोशीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. माझी पत्नी कस्तुरा हिने अठरा वर्षांत माझ्याबरोबर अकरा नाटकं पाहिली. म्हणजे अंक बावीस, शेवट शून्य. चौऱ्याहत्तर साली मी निवृत्त झालो आणि मोठ्या मनाने तिला विचारलं, "तुला काय हवं?"

"एक नाटक पुरतं बघायचंय," ती म्हणाली. "शेवटचा पडदा पडताना बघायचाय."

मागणी सोपी होती, म्हणून मी तिचं नियोजन केलं. पुण्यात लॉजवर दोन रात्री, शनिवारी एक नाटक, रविवारी एक, सोमवारी सकाळच्या गाडीने परत. मधल्या वेळात स्थलदर्शन, तक्त्याप्रमाणे. पर्वती: पन्नास मिनिटं, पायऱ्या मोजण्यासह. सारसबागेतला गणपती: बारा मिनिटं, पैकी सात चपलांसाठी. संग्रहालय: दर दालनात एक प्रश्न.

"आवो, मला काय परीक्षेला बसायचंय का?" तिने तिसऱ्या दालनात विचारलं. (हा प्रश्न विषयाला धरून नसल्याने मी उत्तर दिलं नाही.)

शनिवारी दुसरा अंक संपला आणि आम्ही दोघं उठलो. कोणी उठवलं नव्हतं. आधी पाय उठले, मागोमाग आम्ही. स्थानकावर रांगेत उभं असताना माझ्या हाताला खिशातली लॉजची किल्ली लागली. धावत परतलो, तेव्हा लोक डोळे पुसत बाहेर येत होते. त्यावरून नाटक चांगलं असावं.

"उद्या मी उठणार न्हाई," कस्तुरा म्हणाली. "आन् तुमीबी उठायचं न्हाई."

मी लेखी आश्वासन दिलं. (तारखेसह.)

रविवारच्या प्रयोगाला मोशीची आठ माणसं आलेली होती. दुसऱ्या अंकाचा पडदा पडताच मागच्या रांगेतून आमचे शेजारी सोपानराव ओरडले, "गुरुजी, चला! गाडी जाईल!"

एकतीस वर्षं सहली नेलेला माणूस अशी हाक आल्यावर स्वतःचा राहत नाही. मी उठलो. कस्तुराने सदऱ्याची बाही धरली.

"बसा की. त्यांची गाडी त्यांना घावंल."

"एवढं बसवून देतो. आलोच."

"आलोच म्हंजी कवा?"

प्रश्न चांगला होता, पण मी तोवर दाराशी पोचलो होतो.

स्थानकावर सर्वांना ओळीने चढवलं. म्हाताऱ्या अंबुबाईंना हात दिला. गणती केली: ते आठ, मी नववा. एकूण नऊ, हजर नऊ. नियमानुसार शिक्षक शेवटी चढतो आणि दार लावून घेतो. मी शेवटी चढलो आणि दार लावून घेतलं. वाटेत नायिकेचा प्रश्न निघाला, त्याचं अध्यक्षपदही मीच भूषवलं. लग्न सात विरुद्ध दोन मतांनी पार पडलं.

मोशीला उतरल्यावर सोपानराव इकडेतिकडे बघून म्हणाले, "गुरुजी, वैनी कुठं हायत?"

मी पुन्हा गणती केली. ती पुन्हा बरोबर आली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी कस्तुराला गणतीत कधी धरलंच नव्हतं. आणि पुण्याला परत जायला गाडी नव्हती. शेवटची गाडी कशाला म्हणतात, हे मी मुलांना अनेकदा समजावून सांगितलेलं आहे.

सोमवारी सकाळी ती आली. दोन्ही पिशव्या तिच्याच हातात होत्या. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुपारी आमच्या ओसरीवर आळीतल्या बाया जमल्या. कस्तुरा तिसरा अंक सांगत होती, उभी राहून, हातवाऱ्यांसह. बाया हसत होत्या, मग एकदम गप्प झाल्या, एकीने पदर डोळ्यांना लावला. मी जवळ गेलो. ती थांबली.

"शेवटी काय झालं गं?" मी विचारलं.

"तुमी गाडीत काय केलं?"

"लग्न लावलं."

बाया अशा हसल्या, की मी आत जाऊन उगाच पाणी प्यालो.

त्या तिसऱ्या अंकात काय आहे, हे मला आजही माहीत नाही. म्हणून ते इथे देता आलं नाही. वाचकांनी गैरसोयीबद्दल फार वाईट वाटून घेऊ नये. आपापल्या घरी विचारून बघावं. शेवट ठाऊक असलेलं एखादं माणूस बहुतेक घरांत असतंच. तुम्ही "आलोच" म्हणून उठून गेलात, तेव्हा त्याने तो एकट्याने पाहिलेला असतो.