माझ्या जागी हसणारा

मला हसता येत नाही, असा ठराव आमच्या मित्रमंडळाने एकमताने मंजूर केला. एकमताने म्हणजे मीसुद्धा हात वर केला होता. सगळ्यांचे हात वर असताना आपला एकट्याचा खाली राहिला, तर कॅमेऱ्यात वाईट दिसतं.

हा कॅमेरा आमच्यात आणला दातांच्या डॉक्टरने. आम्ही चौघे शाळेत एका बाकावर बसायचो: डॉक्टर, शिंपी, प्लंबर आणि मी. मी आता चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासतो. सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या तळ्यावर जायचं, चादर पसरायची, डबे उघडायचे, एकमेकांची उणीदुणी काढायची आणि ऊन उतरलं की परतायचं, एवढाच आमचा कार्यक्रम. यात जगाला दाखवण्यासारखं काही आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती. डॉक्टरने मोबाइल लावायची तिकाटणी आणि एक दिवा विकत घेतला आणि आमच्या सहलींचे लघुपट निघू लागले. पहिल्याचं नाव होतं ‘तळे: एक अनुभव’.

दिग्दर्शन डॉक्टरला नवं नव्हतं. ‘तोंड उघडा’, ‘अजून उघडा’, ‘हलू नका’, एवढ्या भांडवलावर त्याचा दवाखाना चालला होता. तेच भांडवल तळ्यावर पुरलं. त्याच्या लघुपटात प्रत्येक माणूस दाढांपर्यंत हसतो. शिंप्याची एक दाढ किडल्याचं निदान तर लघुपट बघता बघताच झालं.

अडचण माझी होती. मी हसतो तेव्हा आवाज होत नाही आणि दातही दिसत नाहीत. नुसते खांदे हलतात. शाळेत माझ्या हसण्याने अख्खा बाक हलायचा आणि मार चौघांना पडायचा. तेव्हा मित्रांना हे ठाऊक होतं. कॅमेऱ्याला ठाऊक नव्हतं.

लघुपट दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दाखवले जात. गाल धरून बसलेले पेशंट हे आमचे हक्काचे प्रेक्षक, कारण त्यांना उठून जायची सोय नसे. त्यातल्या एकाने लेखी कळवलं, की पडद्यावरच्या त्या गंभीर माणसाकडे पाहून माझी दाढ जास्त ठणकते. बायकोची मावशीही पाहायला आली होती. तिने बायकोला विचारलं, “जावईबापूंना कोणी काही बोललं का ग?”

“नाही मावशी, ते हसतायत.”

“अगबाई! मग रडताना कसे दिसतात?”

झालं. चौकशी बसली. मला दवाखान्यातल्या खुर्चीत आडवं केलं आणि वरचा दिवा तोंडावर ओढला.

“हस,” डॉक्टर म्हणाला.

“कशावर?”

“कारणं विचारू नकोस. शिंप्याने विचारली होती का?”

मी खांदे हलवून पाहिले. खुर्ची जरा कुरकुरली.

“हास्य निरंक,” डॉक्टर म्हणाला आणि प्लंबरने ते लिहून घेतलं.

पहिला उपाय सौम्य होता. प्लंबरचं हसणं माझ्या चेहऱ्याला जोडायचं ठरलं. प्लंबर हसतो तेव्हा बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आल्यासारखा आवाज होतो. पडद्यावर माझे ओठ घट्ट मिटलेले आणि आतून कुठूनतरी खळखळ. मावशी म्हणाली, “जावईबापूंच्या पोटाचं काहीतरी बघा बाई.”

तेव्हा दुसरा ठराव आला. “सदर सभासदाच्या मैत्रीस कोणतीही बाधा न येता, त्यांच्या दृश्य स्वरूपाची जबाबदारी सक्षम व्यक्तीकडे सोपवण्यात यावी.” सक्षम व्यक्ती म्हणजे एक विमा एजंट. समोरच्याने दार लावून घेतलं तरी याचं हसू चालूच राहतं. उंची माझ्याएवढी, चष्मा आमच्याच दुकानातला. माझा निळ्या चौकड्यांचा शर्ट त्याला मिळाला. शिंप्याने तो त्याच्या मापाने आवळून दिला. टाके घालताना शिंपी माझ्याकडे बघत नव्हता.

“आणि मी?” मी विचारलं.

“तू आहेसच की!” डॉक्टर म्हणाला. “पिशव्यांपाशी.”

मला वाईट वाटलं. सरळ सांगतो, फार वाईट वाटलं. या तिघांखेरीज मला मित्र नाहीत, नवे करायचं वय गेलं, आणि आता त्यांच्या आठवणींत माझ्या शर्टात भलताच माणूस बसणार होता.

लघुपट गाजला. मावशी खूश झाली. “जावईबापू किती मोकळे झाले ग! तब्येतही सुधारली!”

“मग तू काही बोलली नाहीस?” मी घरी बायकोला विचारलं.

“अहो, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा तुमच्याबद्दल बरं बोलली. मी कशाला मोडता घालू?”

मावशीने जेवायला बोलावलं. निरोप होता, ‘सिनेमात आहेत तसेच या.’ नाइलाजाने बायको, मी आणि एजंट असे तिघे गेलो. माझी ओळख काय करून द्यायची, हे कोणाला सुचेना आणि बायकोच्या तोंडून निघून गेलं, “हे विम्याचे एजंट.” मावशीने मला दारातच सांगितलं, “आम्हाला विमा नको,” आणि आत जावईबापूंनी तिला विमा विकला.

मग मात्र मी इरेला पेटलो. आरशासमोर सराव केला आणि स्वतःच्या भूमिकेसाठी रीतसर अर्ज दिला. चाचणी खुद्द एजंटने घेतली. माणूस सभ्य. मला बाजूला घेऊन म्हणाला, “राग मानू नका, पण तुम्ही याला फार उथळ करताय. मी जो समजलोय, तो आतून खूप आनंदी आहे.” अर्ज दप्तरी दाखल झाला.

पुढच्या सहलीला डॉक्टरने तळ्याकाठी चुन्याने चौकट आखली. चौकटीच्या आत सहल, बाहेर आम्ही. आम्ही म्हणजे आता तिघे. शिंप्याची ती दाढ काढल्यामुळे हसताना खिंडार दिसायचं. त्याच्या जागी नवी कवळी बसवलेला एक पेशंट आला होता. प्लंबर सारखा कॅमेऱ्यात बघतो म्हणून त्याच्या जागी कधीच कुठे न बघणारा एक गृहस्थ. पिशव्यांशेजारी एक लाकडी बाक होता, त्यावर आम्ही काकडी खात बसलो. आत तीन अनोळखी माणसं, कोणीच न केलेल्या विनोदावर, आमच्या नावाने गडागडा हसत होती.

शिंपी माझ्या कानाशी आला. “ऐक. तुझ्या शर्टाची शिवण मी मुद्दाम कच्ची ठेवलीय. तो अजून एकदा दाढांपर्यंत हसला ना, की काखेतून गेलाच.”

एजंट हसला. टर्रर्र!

बाक हलला.

“हलला!” प्लंबर ओरडला. “अरे, बाक हलला!” आणि शिंपी खिंडार दाखवत आणि प्लंबर नळ सोडल्यासारखा, असे दोघे हसत सुटले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दोघांनी मला खांद्यांवरून ओळखलं होतं.

“कट! कोण हसलं?” डॉक्टर तरातरा आला आणि बाकापाशी थबकला. बाक अजून हलतच होता. त्याने घाईने तोंडावर हात धरला. त्याचे पुढचे दात एकावर एक चढलेले आहेत आणि तो कायम कॅमेऱ्यामागे असतो तो त्यामुळेच, हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक. “सरका रे,” म्हणत तो आमच्यात बसला, आणि शाळेत बसायचो तसे चौघे त्या हलत्या बाकावर बसून राहिलो. तेवढा वेळ खरोखरच सहल झाली.

मग डॉक्टर उठला. “छे, हे घ्यायलाच हवं होतं! परत करा.”

ऊन उतरेपर्यंत आम्ही परत करत होतो. बाक काही हलला नाही.

आता त्या प्रसंगासाठी व्यायामशाळेतला एक रुंद खांद्यांचा माणूस येतो, आणि बाक खालून एक सुतार हलवतो. ‘हलता बाक’ सगळ्यांना फार नैसर्गिक वाटला. मावशी दोनदा बघून गेली.

तुम्हीही हे वाचताना कुठेतरी हसला असाल. मी तसं धरून चालतो. पण डॉक्टरचं म्हणणं, असं धरता येत नाही: ओठ मिटलेले, आवाज नाही, खांदे जेमतेम. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या खुर्चीत, तुमच्या शर्टात, दुसरंच कोणी खदाखदा हसत हे वाचताना दिसलं, तर आरडाओरडा करू नका. घरच्यांनाही विचारू नका. त्यांना तो आवडलेला असेल. सरळ पिशव्यांपाशी या. आम्ही बाकावर सरकून घेऊ.